सायकल कोणाच्या मापाची?

एक कॅडेट, इयत्ता दहावी

गेल्या वर्षी सायकल मोहिमेसाठी माझी निवड झाली नाही. यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली आणि प्रेपला जाऊन भूगोलाचं पुस्तक उघडून बसलो. का राहिलास, असं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. आज सांगतो. माझी पाठ दुखत होती. कंबर नव्हे, वरची पाठ. मानेच्या मुळापासून दोन्ही खवाट्यांच्या मधली. ४० किलोमीटरच्या चाचणीत निम्मं अंतर झाल्यावर तिथे कोणीतरी मूठ रुतवून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. परत आलो तेव्हा बेरेट सारखी करायला हात डोक्यापर्यंत जाईना. दुसऱ्या चाचणीत मी मागे पडलो, आणि मागे पडेल तो राहील हा नियम काही चुकीचा नाही.

मधल्या चार दिवसांत मी एमआय रूममध्ये गेलो नाही. एक्सक्यूज घेतलेल्या मुलाकडे आपण कसं बघतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फॉल-इनच्या वेळी तो बाजूला झाडाखाली उभा असतो आणि आपल्यातला एक जण तरी दबक्या आवाजात ‘नाटक’ असं म्हणतो. तो एक जण बऱ्याचदा मी असायचो. मग मी कोणत्या तोंडाने झाडाखाली उभा राहणार?

पण हा लेख लिहायचं खरं कारण दुसरं आहे. त्याच आठवड्यात आमच्या हाउसमधला आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. तोही चाचणीला होता. “दादा, मान वळत नाही,” म्हणाला. मी त्याला म्हटलं, “सायकलवर दुखणारच. कॅडेट आहेस ना?” तो गेला. नंतर त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. मी जे बोललो ते मला तेव्हा धीर देणं वाटलं होतं. पुढे दिवाळीच्या सुट्टीत जगतपुऱ्याला मला त्याचा अर्थ कळला.

बाबांची बदली जयपूरला झाल्यापासून आमचं घर जगतपुऱ्यात आहे, भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावर. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जयपूर म्हटलं की गुलाबी भिंती आणि हवामहल डोळ्यांपुढे येतो, पण जगतपुरा म्हणजे नवीन जयपूर. उंच इमारती, कॉलेजं, कोचिंगच्या पाट्या, मोकळे प्लॉट आणि एका बाजूला झालानाचे डोंगर. त्या डोंगरांत बिबटे आहेत, आणि पहाटे एकटा सायकल चालवणारा माणूस हे विसरत नाही. रस्ते मात्र आपल्याकडच्या घाटांच्या मानाने स्वर्ग. रुंद आणि सपाट. सुट्टीत रोज सराव करायचा, पुढच्या निवडीला कोणी मागे टाकू शकणार नाही असा दम कमवायचा, असं मी ट्रेनमध्येच ठरवलं होतं.

बाबांनी तिथे एक जुनी गियरची सायकल विकत घेतली होती. बाबा पावणेसहा फुटांच्या वर, मी पाच फूट तीन इंच. सीट खाली केली आणि निघालो. पहाटे साडेपाचला उठायचं (सवय आहेच), महल रोडला लागायचं, कृष्ण-बलराम मंदिरावरून जवाहर सर्कलपर्यंत जायचं, पत्रिका गेटपाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत सर्कलला फेऱ्या मारायच्या आणि परत. रोज २० ते २५ किलोमीटर. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी ती ओळखीची मूठ पुन्हा पाठीत रुतली. चौथ्या दिवशी रात्री कूस बदलताना जाग आली. आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला आणि “उसण भरलीय, दोन दिवस बस घरात” असं म्हणाली. मी बसलो नाही. मोहिमेत आई नसते, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

पाचव्या दिवशी महल रोडवर दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून वळायचं होतं. वळायच्या आधी मागे बघायचं, हे सायकल शिकताना पहिल्या दिवशी सांगतात. मी मान वळवली आणि ती वळलीच नाही. खांद्यापर्यंत आली आणि अडकली. म्हणून मी छातीपासून सगळं अंग वळवलं, त्याबरोबर हँडलही वळलं आणि मी रस्त्याच्या मध्ये गेलो. मागून येणाऱ्या ई-रिक्षावाल्याने ब्रेक मारले. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकापासून हातभर लांब थांबलं. तो काय बोलला ते शाळेच्या मासिकात छापता येणार नाही. मी खाली उतरलो, पाय थरथरत होते, आणि मला आठवला तो आठवीतला मुलगा. मान वळत नाही, असंच तर त्याने सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, “चल, सायकल दाखवून आणू.” मला नव्हे, सायकलला दाखवायचं! मला हसू आलं.

गल्लीच्या तोंडाशी एक सायकल दुरुस्तीवाले चाचा बसतात. त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि मला जवळ बोलावलं. माझं कोपर सीटच्या पुढच्या टोकाला टेकवायला सांगितलं आणि बोटं हँडलकडे सरळ करायला लावली. बोटांची टोकं हँडलच्या अलीकडे चांगली चार बोटं राहिली. मग बाबांचा हात तसाच ठेवायला सांगितला. बाबांची बोटं बरोबर हँडलला लागली. चाचा म्हणाले, “ये तो आपके नाप की है, साहब. बच्चा तो इस पर लटक रहा है.” हे माप ढोबळ आहे, दुकानात याहून नीट मोजतात, पण मला एका मिनिटात जे कळलं ते वर्षभरात कळलं नव्हतं. मी सायकलवर बसत नव्हतोच, लटकत होतो.

आता जरा शरीराकडे येतो. जीवशास्त्राच्या सरांनी हसू नये. आपल्या मानेपासून खांद्यांच्या टोकांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत एक मोठा स्नायू पसरलेला असतो, ट्रॅपिझियस. दोन्ही बाजूंचे मिळून आकार पतंगासारखा दिसतो. जयपूरमध्ये संक्रांतीला आकाशात दिसतो तसा पतंग पाठीवर चिकटवलाय असं समजा. त्याच्या खाली खवाट्यांना मणक्याकडे ओढून धरणारे छोटे स्नायू आणि खवाटा वर उचलणारा एक स्नायू. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ताठ उभं राहिलं की हे वजन मणक्यावर तोललं जातं आणि स्नायूंना फार काम पडत नाही. सायकलवर आपण पुढे वाकतो, पण नजर तर समोर हवी. म्हणून वाकलेल्या पाठीवर मान मागे मोडून डोकं वर धरावं लागतं. हे डोकं मग खवाट्यांमधले आणि मानेतले स्नायू तासभर धरून ठेवतात. हँडल जितकं लांब आणि खाली, तितकं डोकं पुढे आणि तितका भार जास्त. खोटं वाटत असेल तर मेसमध्ये एक लिटरची भरलेली बाटली घ्या. छातीजवळ धरा, मग हात लांब करून धरा. बाटली तीच आहे. दोन मिनिटांत काय होतं ते बघा.

आणि पायांचं काय? मिनिटाला ८० वेळा पॅडल फिरवलं तर तासात ४८०० फेरे होतात, म्हणजे पाय पाठीहून कितीतरी जास्त काम करतात. तरी ते एवढे आखडत नाहीत, कारण पायाचा स्नायू दर फेऱ्यात आवळतो आणि सुटतो. सुटतो तेव्हा त्यात रक्त खेळतं. पाठीचा स्नायू मात्र आवळलेलाच राहतो. सावधान उभ्या असलेल्या माणसाला विश्राम कधी मिळालाच नाही तर काय होईल, तसं. (१५ ऑगस्टच्या परेडच्या सरावाला चक्कर येऊन पडलेल्यांनी हात वर करावेत.)

इथे एक गैरसमज पण खोडतो, कारण मीच तो ज्युनियर्सना शिकवत होतो. “दुसऱ्या दिवशी दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे” असं आपण अगदी आत्मविश्वासाने सांगतो. व्यायाम थांबला की तासा-दोन तासांत ते रक्तातून कमी होऊन जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि शरीर ती भरून काढत असल्यामुळे. हे दुखणं तीन-चार दिवसांत आपोआप जातं आणि पुढच्या वेळी कमी होतं. याला मी ‘चांगलं दुखणं’ म्हणतो आणि याबद्दल रडू नये हे मला मान्य आहे. पण जे दुखणं रोज त्याच जागी, त्याच किलोमीटरला येतं आणि दर दिवशी वाढतं, ते सरावाने जात नाही. त्याचं कारण तसंच राहिलं आहे एवढाच त्याचा अर्थ.

चाचांनी जे केलं त्याला अर्धा तास लागला. हँडलचा पुढे आलेला दांडा बदलून आखूड घातला. हँडल थोडं वर घेतलं. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, ते जमिनीला समांतर केलं. नाक खाली असेल तर आपण सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, हे मला ठाऊकच नव्हतं. सीट मी गरजेपेक्षा खाली केली होती, ती वर घेतली. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाशी नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवल्यावर तो आपोआप किंचित वाकतो. शेवटी मला बसवून त्यांनी माझ्या कोपरांवर खालून टिचकी मारली. मी कोपरं काठीसारखी ताठ धरली होती. ताठ कोपरातून रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ खांद्यात जातो. “कोहनी ढीली. कंधा कान से दूर.” एवढंच. पुढचे आठ दिवस मी जवाहर सर्कलला फेऱ्या मारताना हेच पुटपुटत होतो. दर दहा मिनिटांनी हात हँडलवर जरा सरकवायचे, खांदे एकदा वर उचलून सोडायचे. पहिले तीन-चार दिवस जुनं दुखणं होतं, मग विरत गेलं. आठव्या दिवशी ३० किलोमीटर झाले आणि मी घरी येऊन बेरेट घालून आरशात बघितलं. हात सहज वर गेले.

जयपूरला एक गोष्ट सांगतात. ‘जयपूर फूट’ आपल्याला माहीत आहे. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने तो घडवला. शर्मा फार शिकलेले नव्हते. असं म्हणतात की त्यांची सायकल पंक्चर झाली, दुकानात ट्रकच्या टायरवर रबर चढवण्याचं काम चाललं होतं आणि ते बघून त्यांना रबराच्या पायाची कल्पना सुचली. त्याआधीचे कृत्रिम पाय असत, पण ते बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. माणसाने वस्तूप्रमाणे वाकायचं की वस्तू माणसाप्रमाणे घडवायची, याचं उत्तर त्या शहराने फार मोठ्या कामात दिलेलं आहे. मी तर फक्त हँडलच्या दांड्याबद्दल बोलतोय.

आमच्या साताऱ्याकडच्या गावाला हे सांगायची गरजच नाही. आजोबांकडे बैलजोडी होती. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तूप चोळायचं. वर्षभर ज्या खांद्यावर जू होतं त्याचा तो दिवस. एरवीही जू उतरवलं की आजोबा आधी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायचे. सूज लागली तर ते जू बघायचे, त्याला कुठे गाठ आहे का, ते बैलाला लहान होतंय का. खांदा सुजला म्हणून बैलाला कामचोर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आम्हाला मात्र तो शब्द लगेच सुचतो, आणि तोही एकमेकांसाठी.

सुट्टीवरून परतल्यावर मी हे सगळं मित्रांना सांगितलं तेव्हा एकाने मला गप्प करायचा प्रयत्न केला. तो इतिहासात हुशार आहे. म्हणाला, “१९४१-४२ मध्ये जपान्यांनी मलायात सायकलींवरून मुसंडी मारली. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवल्या आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्यांनी काय कोपर सीटला लावून माप घेतलं होतं?” सगळे हसले. मीही हसलो, कारण मुद्दा चांगला होता. युद्धात मिळेल ती सायकल, मिळेल तो बूट, मिळेल ते जेवण. सैनिकाला गैरसोयीची सवय हवीच. काही उस्तादही असंच म्हणतील आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

पण याचं उत्तर मला जगतपुऱ्यातच मिळालं होतं. तिथे मोठी शूटिंग रेंज आहे. तिच्या बाजूने जाताना मला आपलं फायरिंग आठवलं. रायफल हातात आली की पहिलं काम काय? झिरोइंग. प्रत्येक जवान आपल्या डोळ्याप्रमाणे रायफलची साइट जुळवून घेतो. दुसऱ्याने झिरो केलेल्या रायफलने गोळी बाजूला गेली तर कोणी ‘तुझ्यात दम नाही’ असं म्हणत नाही. बुटांचंही तसंच. आठ नंबरच्या पायाला सहा नंबरचा बूट देऊन क्रॉस कंट्रीला कोणी सोडत नाही. स्टोअरमध्ये बूट बदलून मिळतात आणि ते मागण्यात आपल्याला लाज वाटत नाही. मग सायकल तेवढी ‘मिळेल ती’ का? गैरसोय सहन करायला शिकणं आणि पाच मिनिटांत पान्याने दूर होणारी गैरसोय तशीच ठेवणं, या दोन गोष्टींत फरक आहे. सिंगापूरच्या वाटेवर पाच मिनिटं नसतील. आपल्या सायकल शेडमध्ये असतात.

ज्यांना वाटतं की मान आणि खवाटे ही नाजूक मुलांची तक्रार आहे, त्यांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ची माहिती जरूर वाचावी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ५००० किलोमीटर, आणि एकट्याने जाणाऱ्याला मुदत १२ दिवस. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर नावाच्या सायकलपटूच्या मानेच्या स्नायूंनी काम करणंच सोडलं. डोकं वर राहीना. पाय चालू आहेत, दम आहे, पण हनुवटी छातीवर पडलेली. तेव्हापासून या त्रासाचं नावच ‘शर्मर्स नेक’ पडलं. आजही त्या शर्यतीत लोक हनुवटीखाली पट्टे आणि आधार बांधून उरलेलं अंतर काढतात. जगातल्या सगळ्यात चिवट सायकलस्वारांची मान दम संपायच्या आधी संपते. ती शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्याच सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. गोकुलनाथ सरांना आदल्या वर्षी ती अर्ध्यावर सोडावी लागली होती. चौघेही डॉक्टर आहेत याकडे माझं लक्ष गेलं. शरीर कसं चालतं हे ठाऊक असणाऱ्यांनीच ते सगळ्यात जास्त ताणून दाखवलं.

फक्त सायकलचाच दोष आहे असंही नाही, थोडा आपल्या पीटीचाही आहे. आपण पुश-अप्स किती मारतो? शिक्षा म्हणून, पैज म्हणून, थंडी वाजते म्हणूनही. पुश-अप्सने छाती आणि खांद्यांचा पुढचा भाग बळकट होतो. पाठीमागून ओढणारे व्यायाम, चिन-अप्स, दोरीवर चढणं, पालथं झोपून हात-छाती उचलणं हे त्या मानाने फारच कमी. त्यात दिवसभर वर्गात आणि प्रेपला वाकून बसणं, पाठीवर दप्तर. सुट्टीत मोबाइल. खवाटे बिचारे चोवीस तास पुढे ओढलेले असतात आणि मग आपण त्यांना ४० किलोमीटर डोकं धरायला सांगतो. बाबांच्या युनिटमधल्या एका फिजिओथेरपिस्टनी मला तीन साध्या गोष्टी दिल्या. हनुवटी आत घेऊन मान मागे सरळ करणं, खवाटे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरणं, भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवणं. लाइट्स आउटच्या आधी सहा मिनिटांत होतात. डॉर्मिटरीत सुरुवातीला दोन दिवस माझी टिंगल झाली, मग तिघे जण शेजारी येऊन उभे राहिले.

एक गंभीर गोष्ट पालकांसाठीही लिहितो. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, पकड ढिली पडत असेल, रात्री दुखून झोप मोडत असेल, ताप असेल किंवा सायकलवरून पडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर शेक आणि मलमावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि आपला मुलगा फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणाला तर एकदा जास्त विचारा. मी गेल्या वर्षी चारही फोनवर तसंच म्हणालो होतो.

माझं शाळेकडे मागणं लहान आहे. आपल्या शेडमधल्या सायकली एकाच मापाच्या आहेत. आपण मात्र साडेचार फुटांपासून सहा फुटांपर्यंत आहोत. नव्या सायकली घ्या असं मी म्हणत नाही. घ्यायच्या होतील तेव्हा दोन मापांच्या घ्याव्यात एवढंच. तोपर्यंत चाचणीच्या आदल्या दिवशी एक तास ठेवावा, दोन पाने आणि ॲलन कीचा एक संच द्यावा, आणि प्रत्येकाने आपली सीट आणि हँडल जुळवून घ्यावं. चाचणीच्या दिवशी शिटी वाजल्यावर ‘पळा आणि सायकल पकडा’ हे बंद व्हावं. त्यात नेहमी उंच मुलं आधी पोचतात आणि गंमत म्हणजे हाताला येईल ती पहिली सायकल घेतात. हँडल वर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, दांड्यावर एक खूण असते, तिच्यापेक्षा वर काढायचं नाही, नाहीतर हँडल हातात येईल. आणि पाठ दुखते म्हणून एमआय रूमला गेलेल्याचं नाव निवडीच्या वेळी कोणी मनात धरू नये. हे शेवटचं सरांपेक्षा आम्हा मुलांनाच जास्त लागू आहे.

तो आठवीतला मुलगा आता नववीत आहे. दिवाळीनंतर मी त्याला शोधलं आणि मी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं असं म्हटलं. तो जरा गोंधळला. सीनियरने असं काही म्हणायची पद्धत नाही. मग म्हणाला, “दादा, मला तर तेव्हापासून वाटत होतं मला सायकलिंग जमतच नाही.” यंदाच्या यादीसाठी त्याने नाव दिलेलं नव्हतं.

हाउस मास्टरांच्या परवानगीने गेल्या रविवारी आम्ही तिघे शेडमध्ये गेलो. कोणती सायकल कितपत खाली-वर होते ते बघून प्रत्येकीच्या दांडीवर खडूने उंचीचा आकडा लिहिला. सहा सायकलींच्या सीटचे नट गंजून घट्ट बसलेत, त्यांना तेल सोडून ठेवलंय. चौदा नंबरची सायकल त्यातल्या त्यात लहान आहे. तो पाच फुटांचा आहे. त्याला बसवून बघितलं, सीट दोन बोटं खाली घेतली, कोपराखाली टिचकी मारली. मैदानाला चार फेऱ्या मारून आला आणि काही न बोलता पाचव्या फेरीला गेला. नावं द्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे.